नमुन्याचं घर

सागवानासाठी नावाजलेल्या आमच्या जिल्ह्यात मी परदेशी पाइनच्या ओंडक्यांची घरं विकायचे. चंद्रपूरच्या जंगलाला बाहेरून लाकूड पुरवायचं, असा उलट्या गंगेचा आमचा धंदा होता. कुठल्याशा थंड देशात झाड पडायचं, जहाजाने बंदरावर यायचं, ट्रकने अर्धा देश ओलांडायचं आणि वरोऱ्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आमच्या कारखान्यात वळायचं. तिथे त्याला गोल रंधून, खाचा पाडून, तेल पाजून पुन्हा जंगलाच्या दारातल्या एखाद्या रिसॉर्टात नेऊन उभं करायचं. शेठ याला 'निसर्गाच्या कुशीत' म्हणायचे. कॅटलॉगमध्ये तसं लिहिण्याचं काम माझं होतं.

सालं दोन हजारच्या मागचीपुढची. वाघ पाहायला पुण्यामुंबईचे लोक ताडोब्याकडे वळायला लागले होते. जन्मभर स्लॅबखाली झोपलेल्या या लोकांना सुट्टीत लाकडाच्या घरात झोपायचं होतं. आणि आमच्याकडे ओंडके उचलणारे गडचिरोलीकडचे मजूर, ज्यांचा सगळा जन्म लाकूडमातीच्या घरात गेलेला, ते जेवणाच्या सुट्टीत स्लॅबला सिमेंटची किती पोती लागतात यावर वाद घालायचे. दोघांनी आपापसात घरं बदलून घेतली असती तर सगळेच सुखी झाले असते. पण मग कारखाना बंद पडला असता, आणि मला घरी बसून पापड लाटावे लागले असते.

कारखान्याची एक पद्धत होती. प्रत्येक घर आधी आमच्या आवारात पूर्ण उभं करायचं, दारंखिडक्यांसकट. सगळं जुळलं की प्रत्येक ओंडक्याच्या टोकाला लाल रंगाने आकडा घालायचा आणि घर पुन्हा पाडायचं. मग ट्रक. हे काम मिस्त्रींचं. मिस्त्री चंद्रपूरच्या जुन्या मुसलमान सुतार घराण्यातले. पांढरी दाढी, कानामागे पेन्सिल आणि तोंडात सतत आमच्या मालाची निंदा. "इतक्या लाकडात गावभरच्या पोरींचे दिवान, आलमाऱ्या झाल्या असत्या मॅडम," असं ते प्रत्येक घर उभं राहिल्यावर म्हणायचे. मग चार पावलं मागे सरून त्याच घराकडे डोळे बारीक करून पाहत राहायचे, आणि पाहताना त्यांना निंदेचा विसर पडायचा.

फक्त एक घर कधीच पाडायचं नव्हतं. फाटकातून आत आलं की समोरच ते उभं होतं. नमुन्याचं घर. पुढे पडवी, पडवीत वेताच्या दोन खुर्च्या. आत मोठा पलंग, त्यावर पांढरीशुभ्र चादर. भिंतीवर फायबरचं सांबराचं डोकं, कारण खरं लावलं तर शेठना जंगल खात्याने निसर्गाच्या कुशीऐवजी दुसरीकडेच ठेवलं असतं. कोपऱ्यातल्या टेबलावर बुद्धाचं पितळी डोकं. नुसतं डोकं, खाली काही नाही. गिऱ्हाइकांना त्याने शांत वाटतं, असं शेठ नागपूरहून ऐकून आले होते.

आता बंद घर खराब होतं हे शेठनाही माहीत होतं. वाळवी लागते, वटवाघळं शिरतात, लाकडाला कुबट वास सुटतो. घर राहतं पाहिजे. म्हणून शेठनी युक्ती काढली. चौकीदाराला सांगितलं, तू बायकोपोरीला घेऊन ये आणि इथेच राहा. हे त्यांनी इतक्या मोठ्या मनाने सांगितलं की चौकीदार त्यांच्या पाया पडायला वाकला होता. तो पोंभुर्ण्याकडचा, बौद्ध, पूर्वी लाकडाच्या डेपोत हमाल होता. पायावर ओंडका पडल्यापासून लंगडायचा, म्हणून चौकीदारी. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो आणि त्याच्या बायकोला बाई.

मोठ्या मनाच्या मागून नियम आले. पलंगावर झोपायचं नाही. वेताच्या खुर्च्यांवर बसायचं नाही. आत चूल पेटवायची नाही. भिंतीला खिळा मारायचा नाही. पुढे कपडे वाळत घालायचे नाहीत. पाव्हणेरावळे आणायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं की घरात माणूस राहतो असं कुठूनही दिसता कामा नये. बाकी मग आपलंच घर समजा, असं शेठ म्हणाले. आणि ते हे थट्टेने म्हणत नव्हते, म्हणून मला राग यायचा.

फाटकाजवळच्या कडुनिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. जेवणाच्या सुट्टीला त्यावर एक टोला पडायचा. गिऱ्हाइकाची गाडी वळताना दिसली की लागोपाठ टोले. ज्याला आधी दिसेल त्याने मारायचे. टोले सुरू झाले की नमुन्याच्या घरात जे व्हायचं ते पाहण्यासारखं असायचं. बाई वळकट्या उचलायची, पोरगी भांड्यांची पाटी. माठ, डबे, आरसा, फणी, रेडिओ, दोरीवरचे कपडे, सगळं मागच्या दाराने बाहेर पडून आरायंत्राच्या शेडमागे. कोंबड्यांवर टोपलं. जाताजाता पोरगी चादरीवरून हात फिरवायची, म्हणजे सुरकुती राहू नये. गाडी दारात थांबेपर्यंत घर असं व्हायचं की त्यात कधी कोणी शिंकलंही नसेल. आणि मी पदर नीट करून, तोंडावर हसू आणून दारात उभी.

एकदा पलंगावर अंडं राहिलं. कोंबडीला नियम सांगितले नव्हते. गिऱ्हाईकबाईंनी ते दोन बोटांत धरून वर केलं. "गावरान आहे, मॅडम," शेठ क्षणाचाही विचार न करता म्हणाले. त्या बाई खूष होऊन अंडं घेऊन गेल्या आणि त्यांच्या नवऱ्याने घरांची ऑर्डर दिली. शेठच्या धंद्याच्या अकलेला मी कधीच नावं ठेवली नाहीत.

नियमांतला एक नियम बाईने पहिल्या आठवड्यातच मोडला होता. सांबराच्या कानामागे, कोणाला दिसणार नाही असा, तिने एक खिळा मारला होता. त्याला लांब दोरीने बुद्धाचा फोटो टांगलेला असायचा. साधा, काचेच्या चौकटीतला, पुऱ्या बुद्धाचा. टोले पडले की पोरगी आधी तो उतरवायची आणि छातीशी धरून न्यायची. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या वेळी बाईचा बुद्ध भुशाच्या ढिगाशेजारी आणि शेठचा टेबलावर. गिऱ्हाईक त्या पितळी डोक्यापुढे उभं राहून "वा, काय शांत वाटतं," म्हणायचं. मीही बौद्ध घरातली. हे ऐकताना मी कॅटलॉग चाळायचे, म्हणजे तोंड खाली राहायचं.

मी एकदा बाईला म्हटलं, "बाई, त्या पितळीवाल्याले काऊन रोज फूल वाहता? ते तर सजावटीचं आहे."

"त्याले काय माहीत ताई, तो सजावटीचा आहे म्हणून," बाई म्हणाली, आणि फूल वाहून टाकलं.

पोरगी याच धावपळीत मोठी झाली. आली तेव्हा फ्रॉकमध्ये होती. अभ्यास पडवीच्या पायरीवर करायची, टोले पडले की पुस्तकासकट शेडमागे. बारावी ती बरीचशी भुशावर बसून पास झाली. अबोल, उंच, बापासारखी रुंद कपाळाची. तिची एकच सवय मला खटकायची. कुठेही बसली तरी ती काठावर बसायची, पाय खाली, उठायच्या तयारीत.

तिला चिमूरकडचं स्थळ आलं. पोरगा एसटीत कंडक्टर, निर्व्यसनी, घरी फक्त आई. बाप नव्हता, सगळं मामा पाहत होता. मामा शाळेत हेडमास्तर. मध्यस्थाने त्यांना काय सांगितलं ते नंतर कळलं. पोरीचे आईबाप 'लाकडाच्या बंगल्यात' राहतात, असं सांगितलं होतं. खोटं काहीच नव्हतं.

बाईला हे स्थळ मनापासून पाहिजे होतं. मला तिने इतकंच सांगितलं, "कंडक्टरच्या घरी सैपाकघर तं स्वतःचं राह्यते न ताई." ती हे सहज म्हणाली, पण नंतर माझं कामात लक्ष लागलं नाही.

पाव्हण्यांना घरी बोलवायचं म्हणजे नियम मोडायचा. शेडमध्ये दाखवायचं तर पोरगी बघायच्या आधीच ते परत गेले असते. बाईने सरळ आम्हाला विचारलं. मग मी आणि मिस्त्रींनी मिळून कट केला. आमच्या भागातली लाईट गुरुवारी बंद असायची, म्हणून कारखान्याची सुट्टी गुरुवारी. शेठ गुरुवारी नागपूर सोडत नसत. पाव्हण्यांना गुरुवार दिला. मी ऑफिसातले गिऱ्हाइकांसाठीचे कप बशा आणि प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. मिस्त्री सुट्टी असून आले आणि पडवीची हललेली फळी बसवण्याच्या निमित्ताने थांबले. खरं म्हणजे त्यांना पोरगा बघायचा होता.

सकाळपासून बाईने घर असं मांडलं की मी पाहतच राहिले. पहिल्यांदाच ते घर घरासारखं दिसत होतं. कोपऱ्यात माठ, त्यावर घासून लख्ख केलेला गडवा. फळीवर डबे ओळीने. दारात रांगोळी. भिंतीवर फोटो, त्याला झेंडूचा हार. पोह्यांचा वास लाकडाच्या वासात मिसळलेला. पोरगी मोरपंखी साडीत, आणि तीसुद्धा, विश्वास ठेवा, पलंगाच्या काठावर का होईना, बसलेली. मला एकदम भरून आलं. कॅटलॉगात इतकी वर्षं मी ज्याबद्दल खोटं लिहीत होते ते माझ्यासमोर होतं, आणि त्याचा फोटो काढायला कोणी नव्हतं.

पाव्हणे बसने येणार होते. म्हणून भाऊ त्यांना घ्यायला फाट्यावर जाऊन उभा राहिला. घरी दुसरे चांगले कपडे नव्हते, आणि असते तरी त्याला ते आपले वाटले नसते. तो चौकीदाराचा खाकी ड्रेस इस्त्री करून घालून गेला.

पाव्हणे बसने आले नाहीत. मामाने कोणाची तरी जीप मागून घेतली होती. फाट्यावर जीप वळली तेव्हा भाऊने तिला सलाम ठोकला. का? तर जीप वळली की तो सलाम ठोकायचा. आत कोण आहे हे पाहण्याची त्याला कधी गरज पडली नव्हती. जीप धूळ उडवत पुढे गेली आणि भाऊ पुन्हा बसच्या दिशेने बघत उभा राहिला.

आणि त्या जीपच्या मागोमाग शेठची गाडी वळली. शेठ त्या दिवशी का आले ते आजही मला माहीत नाही. कदाचित नागपुरातही लाईट नव्हती.

मिस्त्री पडवीच्या छपरावर चढले होते. त्यांना वरून दिसलं ते असं: पुढे जीप, मागे शेठ. म्हणजे शेठ गिऱ्हाईक घेऊन आले. असं पूर्वी कितीदा झालं होतं. मिस्त्री खाली उतरले, कडुनिंबाकडे धावले आणि रुळावर टोल्यांवर टोले हाणले.

मी ऑफिसच्या दारात होते. तिथून मला नमुन्याच्या घराचं दार सरळ दिसत होतं. टोले ऐकून मायलेकी उठल्या. त्यांच्या तोंडावर ना घाबरण्याची खूण, ना विचाराची. हात चालायला लागले. माठ गेला, डबे गेले, पोह्यांचं पातेलं गेलं, माझ्या खुर्च्या गेल्या. रांगोळी बाईने पायाने पुसली. पोरीने हारासकट फोटो उतरवला, मोरपंखी पदराआड धरला, जाताजाता चादरीवरून हात फिरवला. मी "बाई, थांबा" म्हणेपर्यंत घर रिकामं झालं होतं. ज्यांच्यासाठी मांडलं त्यांच्याच पुढ्यातून त्यांनी सगळं उचलून नेलं होतं.

जीपमधून मामा उतरला. पांढरा सफारी, सोनेरी काडीचा चष्मा. मागे पोराची आई, हातात पिशवी. मग पोरगा, नवीन शर्टात अवघडलेला. शेठ त्यांच्या गाडीतून उतरले आणि त्यांनी सफारीकडे पाहिलं. शेठच्या तोंडावर गिऱ्हाइकाचं हसू उगवलं.

"जयभीम," मामा हात जोडून म्हणाला.

मला सगळं कळलं. शेठना काहीच कळलं नाही. "हां हां, नमस्कार, या, या," म्हणत त्यांनी मामाचा हातच धरला. "फार्महाऊससाठी पाह्यचं आहे, की रिसॉर्ट?"

"पाह्यले तं आलो," मामा थोडा गोंधळून म्हणाला. त्याने शेठना पोरीकडचा कोणी मोठा माणूस समजलं असावं.

"पाहा न साहेब, निवांत पाहा. मॅडम, कॅटलॉग आणा." शेठनी त्यांना आत नेलं. मी मागोमाग गेले. शेठच्या डोळ्यांना डोळा भिडावा म्हणून मी धडपडत होते आणि शेठ ओंडक्यावर थापा मारत होते. "हे लाकूड पाहा. इम्पोर्टेड. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात गरम."

पोराची आई घरभर नजर फिरवत होती. "चूल कुठी आहे?" तिने विचारलं.

"चूल नाही न ताई याच्यात. सैपाकाचा त्रासच नाही ठेवला."

पोराची आई मामाकडे पाहायला लागली. मामाने घसा साफ केला. "म्हणजे, किती सालापासून राह्यतात इथी?"

"राह्यते कोण?" शेठ अभिमानाने म्हणाले. "कोणीच नाही. एकदम कोरं घर आहे. पलंग पाहा, कोणी बसलंसुद्धा नाही."

"कोणीच नाई राह्यत?"

"चौकीदार असते आपला. तो मागं शेडमध्ये पडला असते."

मामाचा चेहरा बदलला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चल," तो बहिणीला म्हणाला. "आपल्याले उल्लू बनवलं." पोराने मान खाली घातली. तो दाराकडे वळला, आणि मी शेवटी तोंड उघडलं. "शेठ, हे गिऱ्हाईक नाहीत," एवढंच मी बोलले असेन.

तेवढ्यात मागच्या दारातून बाई आत आली.

तिने शेडमागे रचलेल्या फळ्यांच्या फटीतून पोराच्या आईच्या हातातली पिशवी पाहिली होती. पिशवीतून नारळाची शेंडी दिसत होती. गिऱ्हाईक नारळ आणत नाही. बाईच्या काखेत पोह्यांचं पातेलं होतं आणि मागे पोरगी, साडीला भुसा लागलेला, फोटो छातीशी धरलेला. बाईने पातेलं शेठच्या टेबलावर, पितळी डोक्याशेजारी ठेवलं. पोरीच्या हातून फोटो घेतला. सांबराच्या कानामागे हात घातला आणि सगळ्यांच्या देखत, शेठच्या देखत, तो त्या खिळ्याला टांगला. हार सरळ केला.

मग ती पाव्हण्यांकडे वळली. "जयभीम. बसा," ती म्हणाली. बसायला पलंगच होता.

शेठ त्या खिळ्याकडे पाहत होते. मिस्त्री दारात येऊन उभे होते आणि त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. मामा विचारत होता, पण सगळ्यांना, एका कोणाला नाही, की हे घर मग आहे तरी कोणाचं.

"घर शेठचं आहे," बाई म्हणाली. "राहणं आमचं आहे. गाडी आली की आम्ही उचलून नेतो. आज तुमची गाडी आली तं तुमच्याच समोरून उचलून नेलं. हात आपसूक चालले, त्याले मी काय करू?" तिचा आवाज चढला नव्हता. "शेठ, तुम्ही बी बसा. पाव्हणे आहेत घरी."

आणि शेठ बसले. त्यांच्याच वेताच्या खुर्चीत. मी त्यांना इतकं निमूटपणे बसताना पुन्हा कधी पाहिलं नाही. इन्कम टॅक्सवाले आले होते तेव्हाही नाही.

पोराची आई पलंगावर बसली. चादरीला मोठी सुरकुती पडली. पोरीची नजर त्या सुरकुतीवर गेली आणि हात पुढे झाला. पोराच्या आईने तो हात धरला आणि तिला शेजारी बसवलं. "तू कुठी झोपतं?" तिने विचारलं. पोरीने खाली फरशीकडे बोट दाखवलं. पोराच्या आईने पुढे काही विचारलं नाही. नाव, शिक्षण, सैपाक, काही नाही. पोरीचा हात मात्र तिने सोडला नाही.

आम्ही पोहे खात होतो तेव्हा भाऊ लंगडत, घामाने डबडबलेला आला. बस येऊन गेली आणि पाव्हणे उतरले नाहीत, म्हणून तो धावत आला होता. दारातच त्याला पांढरा सफारी दिसला आणि त्याचा हात सवयीने कपाळाकडे निघाला. मामा झटकन उठला. "फाट्यावर तुम्हीच होते न?" तो म्हणाला. "तुम्ही सलाम केला, अन् मी मान बी नाई हलवली. माफ करा मले." त्याने वाकून भाऊचे हात धरले. भाऊ म्हणाला, "पोहे खाल्ले का?"

सोयरीक त्याच पातेल्याशेजारी जमली. शेठनी जाताना पोरीच्या हातात एक पाकीट ठेवलं, मला म्हणाले, "चांगले लोक आहेत," आणि गाडीत बसले. मी त्यांच्याबद्दल थोडं चांगलं मत करून घेतलं. ते सोमवारपर्यंत टिकलं.

सोमवारी शेठनी मला बोलावून सांगितलं की बाहेरच्यांना घरात आणलं आणि इम्पोर्टेड लाकडाला खिळा मारला, तेव्हा चौकीदाराने शेडमध्ये राहावं. पोरीच्या लग्नाचा सगळा मंडप मात्र कारखान्याच्या फळ्यांचा करा, तो आपल्याकडून. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या आणि दोन्ही त्यांना सारख्याच न्याय्य वाटत होत्या. मी भांडले. खिळ्याचं भोक मिस्त्री बुजवतील म्हटलं. शेठ म्हणाले, "मॅडम, प्रश्न तत्त्वाचा आहे." शेठकडे तत्त्व आहे ही माहिती मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळाली.

घराला कुलूप लागलं. एका पावसाळ्यात वाळवीने पडवीचा खांब धरला, आढ्याला वटवाघळं लटकली आणि पांढऱ्या चादरीवर बुरशीचे नकाशे उमटले. गिऱ्हाइकं आत जाऊन नाकाला रुमाल लावून बाहेर यायला लागली. शेवटी शेठनी मला शेडमध्ये पाठवलं. पुन्हा राहायला या म्हणावं, नियम थोडे सैल करू, खिळ्याचंही पाहू.

शेड पत्र्याचं. दुपारी आत उभं राहवत नव्हतं. बाई मधोमध चूल मांडून भाकऱ्या थापत होती. फोटो लोखंडी खांबाला तारेने बांधलेला होता. मी निरोप सांगितला. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"इथीच बरं आहे ताई," ती म्हणाली. "इथी कोणी पाह्यले येत नाई."

मी शेठना सांगितलं की पत्र्याखाली तिला हवा चांगली लागते. त्यांनी ते मान्य केलं.

पुढे मी नोकरी सोडली, लग्न झालं, वरोऱ्यातच राहिले. एकदा कामाने चिमूरला गेले तेव्हा पोरीकडे गेले. विटांच्या दोन खोल्या, वर स्लॅब, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे शाळा. स्वयंपाकघर तिचं स्वतःचं होतं, ते तिने मला आधी दाखवलं. ओळीने डबे, भिंतीला खिळेच खिळे, मारायचे तेवढे मारलेले. ती अंगाने भरली होती, हसत होती, माझ्याशी पूर्वी कधी बोलली नाही इतकं बोलत होती. सासू आत तांदूळ निवडत होती. मला फार बरं वाटलं, आणि तसं मी तिला सांगितलंही.

चहा घेत होतो आणि टोले पडले. रुळाचे. लागोपाठ.

पोरगी उठली. बोलता बोलता, वाक्य अर्धं ठेवून. माझ्या हातातला भरलेला कप तिने काढून घेतला, दुसऱ्या हाताने बशा गोळा केल्या, पाटावरची पाण्याची तपेली काखेत मारली आणि मागच्या दाराकडे निघाली.

"बस न पोरी," आतून सासू म्हणाली. तिच्या आवाजात काहीही नवल नव्हतं. "शाळा सुटून राह्यली. घर आपलं आहे."

पोरगी दारात थांबली. तपेलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परत येऊन तिने कप माझ्यापुढे ठेवला आणि खुर्चीच्या काठावर बसली. "रोज होते ताई," ती म्हणाली.

मी मात्र अजून उभी होते. दाराकडे तोंड करून, पदर नीट करून, कोणी आत येईल त्याच्यासाठी चेहऱ्यावर हसू आणून.